नवे गेम आताच प्री-ऑर्डर करावेत, की जीटीए ६ साठी थांबावे? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न आधी पुन्हा एकदा मांडतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आपण मागच्या दिवाळीत डिस्कवाला पीएस५ स्लिम (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) घेतला. गेमसाठी वर्षाला ₹१५,००० बाजूला काढणे आपल्याला जमते, नोकरी सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास मिळतात, आणि कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या बहिणीबरोबर बसून खेळता येईल असेही काहीतरी हवे आहे. या परिस्थितीत २०२६ मध्ये येणाऱ्या गेमपैकी कोणते आताच प्री-ऑर्डर करावेत, म्हणजे येण्याआधीच पैसे भरून मागवावेत, की १९ नोव्हेंबरला येणाऱ्या जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) साठी सगळेच पैसे राखून ठेवावेत, असे आपण विचारले आहे. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. माझ्या मते त्याच्या मुळाशी दुसरी अडचण आहे: जी वस्तू अजून तयारच झालेली नाही, तिच्याविषयी मत कशाच्या आधारे बनवायचे आणि त्या मताच्या भरवशावर किती पैसे लावायचे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आज, म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये, एकही प्री-ऑर्डर करू नका. पंधरा हजारांपैकी सुमारे सहा हजार जीटीए ६ साठी वेगळे ठेवा आणि उरलेल्या पैशांत २०२५ मध्ये येऊन सगळ्या कसोट्यांवर उतरलेले गेम खेळून घ्या. हे उत्तर आपल्या परिस्थितीला धरून आहे. आपल्याकडे आठवड्याला वीस तास असते, मित्रांचा ऑनलाइन गट ठरलेला असता, किंवा एखाद्या कथेचा शेवट दुसऱ्याकडून कळण्याची आपल्याला फार धास्ती असती, तर पहिल्याच दिवशी गेम घेण्याला अर्थ होता आणि मी वेगळे काही सुचवले असते.

आता कारणे. मी पुण्यात बरीच वर्षे गेमच्या तपासणीचे, म्हणजे क्यूएचे काम केले आहे, आणि कन्सोलवर त्याच्याही कितीतरी आधीपासून खेळतो आहे. गेम बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी त्याची एक आवृत्ती गोठवली जाते आणि ती डिस्कवर छापायला जाते. ही आवृत्ती सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डो यांच्या तपासणीतून उतरलेली असते, त्यामुळे ती निर्दोष असणार असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या तपासणीचा भर वेगळ्याच गोष्टींवर असतो. सेव्ह केलेली फाइल खराब होत नाही ना, कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम आपोआप थांबतो ना, ट्रॉफी योग्य वेळी मिळतात ना, गेम मध्येच बंद पडत नाही ना, अशा नियमांची ती तपासणी असते. गर्दीच्या बाजारपेठेत पळताना फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, अडखळतात का, किंवा दहाव्या तासानंतर तेच तेच काम करून कंटाळा येतो का, याची हमी त्यातून मिळत नाही.

डिस्क छापायला गेल्यावर स्टुडिओतले काम थांबत नाही. उलट त्याच आठवड्यांत पहिल्या दिवसाच्या पॅचसाठी, म्हणजे डाउनलोड करायच्या दुरुस्तीसाठी, सर्वांत जास्त धावपळ असते. रोज बैठक होते आणि यादीतल्या प्रत्येक दोषावर निर्णय घेतला जातो: आत्ता दुरुस्त करायचा, पहिल्या पॅचमध्ये करायचा, महिन्याभराने करायचा, की तसाच सोडून द्यायचा. नायक दार उघडताना त्याचा हात कोपरापर्यंत भिंतीत शिरतो, हे तपासणाऱ्याने दहा वेळा नोंदवलेले असते, व्हिडिओही जोडलेला असतो, तरी तो दोष सोडला जातो. कारण त्या हालचालीला हात लावला तर त्याच सांगाड्यावर चालणाऱ्या इतर चाळीस हालचाली पुन्हा तपासाव्या लागतील आणि तेवढा वेळ शिल्लक नसतो. या निर्णयांत निष्काळजीपणा नसतो, त्यामागे घड्याळ असते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र निष्कर्ष एकच निघतो. पहिल्या दिवशी मिळणारा गेम हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत महाग आणि बहुतेक वेळा सर्वांत कच्चा अवतार असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सायबरपंक २०७७ चे आहे. १० डिसेंबर २०२० रोजी तो आला तेव्हा सर्व मंचांवर (कन्सोल आणि पीसी) मिळून ८० लाख प्री-ऑर्डर झालेल्या होत्या. आधी आलेली परीक्षणे पीसीवरच्या आवृत्तीची होती आणि परीक्षकांना स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याची तेव्हा मुभा नव्हती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर गेमची अवस्था इतकी वाईट निघाली, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो स्टोअरवर परत आला जून २०२१ मध्ये. पीएस५ साठीची खास आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तोच गेम मी कोणालाही डोळे झाकून सुचवू लागलो. ज्यांनी धीर धरला त्यांना उत्तम गेम कमी पैशांत मिळाला. शिवाय डाउनलोडचा साठा कधी संपत नाही आणि मोठ्या गेमच्या डिस्कचा तुटवडाही क्वचितच पडतो. त्यामुळे प्री-ऑर्डरमधून आपल्या पदरात जे पडते ते बहुतेक वेळा एखादा पोशाख, एखादे शस्त्र किंवा दोन दिवस आधी खेळण्याची सवलत एवढेच असते.

ट्रेलर पाहून मत बनवू नये असे मी म्हणणार नाही, पण तो कसा पाहावा हे सांगतो. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते आधी वाचा. इंजिन म्हणजे गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर. ‘इंजिनमध्ये तयार केलेले’ आणि ‘पीएस५ वर टिपलेले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात कॅमेरा, प्रकाश, गर्दी, सगळे त्या एका दृश्यापुरते मांडलेले असू शकते. नंतर कॅमेरा वेगाने वळतो ते क्षण शोधा. ट्रेलरमध्ये कॅमेरा संथपणे पुढे जात असेल आणि कधीच झटकन वळत नसेल, तर मी सावध होतो, कारण फ्रेम तुटणे आणि दूरची झाडे-घरे अचानक उगवणे हे वळताना उघडे पडते. पडद्यावर आयुष्याची पट्टी, नकाशा, शस्त्रांची निशाणी दिसते का, तेही बघा. सलग दहा-पंधरा मिनिटांचा, मध्ये कट नसलेला खेळ दाखवला असेल तर त्याचे वजन दहा ट्रेलरांपेक्षा जास्त धरावे. आणखी एक गोष्ट आपल्या बाबतीत महत्त्वाची आहे. यूट्यूबवर पुष्कळ दृश्ये पीएस५ प्रो या अधिक ताकदवान कन्सोलवर टिपलेली असतात. तो कन्सोल नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात आला तेव्हा वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या परवानगीअभावी भारतात आणला गेला नाही. आपल्याकडे आहे तो साधा पीएस५, त्यामुळे तुलना त्याच्याच चाचण्यांशी करावी.

आता गेमकडे वळू. आपण आज एकच गेम घेणार असाल तर ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३’ घ्या. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या लहानशा स्टुडिओचा हा पहिलाच गेम. एप्रिल २०२५ मध्ये आला, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या आणि डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. अमेरिकेत मोठे गेम ७० डॉलरला विकले जात असताना त्याची किंमत ५० डॉलर ठेवलेली होती. कथेची मूळ कल्पनाच मन हेलावणारी आहे. एक चित्रकर्ती दर वर्षी एका प्रचंड स्तंभावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसे विरून जातात. दर वर्षी आकडा एकाने कमी होतो, आणि ज्यांचे एकच वर्ष उरले आहे ते तिला थांबवायला निघतात. याहून अधिक सांगणे योग्य होणार नाही.

पण मला त्याविषयी जास्त बोलायचे आहे ते लढाईमुळे. लढाई आळीपाळीची आहे, म्हणजे आधी आपण वार निवडायचा आणि मग शत्रूची पाळी. या पद्धतीच्या बहुतेक गेममध्ये शत्रूच्या पाळीत आपण नुसते बघत बसतो. इथे शत्रू तलवार मागे नेतो, क्षणभर थबकतो, कधी मुद्दाम हूल देतो, आणि वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी आपण बटण दाबले तर तो परतवला जातो. एका हल्ल्यातले सगळे वार परतवले तर आपला पात्र उलट जबरदस्त प्रहार करतो. चुकवणे आणि परतवणे अशी दोन वेगळी बटणे आहेत. चुकवण्याला वेळेची थोडी अधिक मुभा आहे, परतवण्याला अगदी कमी. नव्या शत्रूसमोर आधी नुसते चुकवत राहावे, त्याची लय कानांत बसली की परतवायला सुरुवात करावी. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवला तर हे लवकर जमते. जमेनासे झाले तर सोपी पातळी निवडता येते आणि तिथेही कथेचा आनंद पुरेपूर मिळतो.

इथेच टीव्हीचा मुद्दा येतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० असतील तर सुमारे १७. हा फरक हाताला जाणवतो, म्हणून अशा गेममध्ये सेटिंगमधून ‘परफॉर्मन्स’ निवडावे. चित्र किंचित मऊ दिसते, पण हात आणि पडदा यांचा मेळ बसतो. मात्र टीव्ही स्वतःच चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवत असेल, तर या सगळ्याचा उपयोग होत नाही. सिनेमासाठी असलेल्या चित्रप्रकारात हा उशीर काही टीव्हींवर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. नवे टीव्ही कन्सोल जोडताच स्वतः तसे करतात, जुन्यांना हाताने सांगावे लागते. ‘मला पॅरी (वार परतवणे) जमतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांना मी आधी हेच तपासायला सांगतो, आणि अनेकदा खोट तिथेच सापडते.

दुसरा गेम ‘घोस्ट ऑफ योतेई’. २ ऑक्टोबर २०२५ रोजी फक्त पीएस५ वर आला. १६०३ सालच्या एझो बेटावर, म्हणजे आजच्या होक्काइडोवर, आत्सू नावाची स्त्री आपल्या कुटुंबाच्या मारेकऱ्यांचा सूड घ्यायला निघते. सकर पंच या स्टुडिओची तांत्रिक शिस्त मला फार आवडते. गवताच्या माळरानावरून घोडा फेकावा, वारा ज्या दिशेला वाहील तिकडे जावे, आणि कुठेही वाट बघत थांबावे लागू नये, हा अनुभव साध्या पीएस५ वर पहिल्या दिवसापासून नीट मिळाला. कथा मात्र ओळखीच्या वाटेने जाते आणि मधल्या टप्प्यात छोट्या कामगिऱ्या एकसारख्या वाटू लागतात. म्हणून पूर्ण किंमत मोजून घेण्यापेक्षा काही महिन्यांनी वापरलेली डिस्क मिळाली तर घ्यावी, असे माझे मत आहे.

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ चा उल्लेख करतो, कारण तो स्वस्त आहे. सुमारे साडेसहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ४ सप्टेंबर २०२५ रोजी केवळ २० डॉलरला आला आणि पहिल्या तासांत अनेक ऑनलाइन स्टोअर कोलमडली. हाताने काढलेली चित्रे अप्रतिम आहेत. पण तो अतिशय कठीण आहे, चूक झाली की बराच रस्ता पुन्हा चालायला लावतो, आणि आठवड्याला पाच तास असलेल्या माणसाला मी तो पहिल्या फटक्यात सुचवणार नाही.

बहिणीबरोबर खेळण्यासाठी ‘स्प्लिट फिक्शन’ला आज तोड नाही. स्टॉकहोमच्या हेझलाइटचा हा गेम मार्च २०२५ मध्ये आला. तो एकट्याने खेळताच येत नाही. पडदा दोन भागांत वाटलेला असतो आणि दर थोड्या वेळाने खेळाचे स्वरूपच बदलते, त्यामुळे दोघांपैकी एक जण कमी सराईत असला तरी मागे पडत नाही. एक डिस्क दोघांना पुरते. बहीण पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तिच्याकडे कन्सोल किंवा पीसी असला, तर फ्रेंड्स पासमुळे तिला वेगळी प्रत विकत घ्यावी लागणार नाही. एक खर्च मात्र आधीच लक्षात घ्या. दुसरा ड्युअलसेन्स कंट्रोलर लागेल आणि तो सहा हजारांच्या आसपास जातो. घरात जुना पीएस४ चा कंट्रोलर असला तरी पीएस५ च्या गेमला तो चालत नाही. तो असेल तर याच स्टुडिओचा २०२१ चा ‘इट टेक्स टू’ घ्या आणि त्याची पीएस४ आवृत्ती खेळा. तिथे जुना कंट्रोलर चालतो आणि गेमही तितकाच सरस आहे.

आता येणाऱ्या गेमविषयी. इथे मी ट्रेलरपेक्षा तीन गोष्टी पाहतो: त्याच चमूचे आधीचे दोन गेम पहिल्या दिवशी कसे होते, कोणते इंजिन वापरले आहे, आणि तारीख पुढे ढकलली असेल तर का.

‘रेसिडेंट ईव्हिल रिक्विएम’ २७ फेब्रुवारीला येत आहे. कॅपकॉम त्यासाठी स्वतःचे आरई इंजिन वापरते. हे इंजिन बंदिस्त जागांत फार चांगले चालते. याच मालिकेतले ‘व्हिलेज’ आणि २०२३ मधला ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ पीएस५ वर स्थिर होते. त्याच इंजिनवरचे ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आणि ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ मात्र अडखळले, कारण विस्तीर्ण जगात शेकडो पात्रांचे आणि प्राण्यांचे वर्तन एकाच वेळी मोजावे लागते आणि तो भार प्रोसेसरवर येतो. रिक्विएमचा जो भाग दाखवला आहे तो अंधाऱ्या खोल्या आणि अरुंद वाटांचा आहे. म्हणून त्याच्या तांत्रिक बाजूची मला काळजी वाटत नाही. ज्यांना भयकथा मनापासून आवडतात त्यांनी परीक्षणे आल्यावर त्याच आठवड्यात घेतला तरी हरकत नाही.

‘००७ फर्स्ट लाइट’ विषयी मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे. कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने ‘हिटमॅन’ची अलीकडची त्रयी केली. एखाद्या हवेलीत वेश बदलून शिरावे, वेटरच्या ताटापासून झुंबराच्या स्क्रूपर्यंत प्रत्येक वस्तू उपयोगाला यावी, अशी रचना या चमूइतकी बारकाईने दुसरे कोणी करत नाही. पण गेल्या सप्टेंबरात दाखवलेल्या लांबलचक खेळात पाठलागाच्या वेळी फ्रेम स्पष्टपणे अडखळताना दिसल्या. हिटमॅनमध्ये भरधाव गाड्यांचे प्रसंग नव्हतेच, त्यामुळे या चमूसाठी ते नवे काम आहे. मार्चची तारीख पुढे ढकलून २७ मे केली, हे मी चांगले लक्षण मानतो; दोन महिन्यांत गेमची रचना बदलत नाही, पण अशाच अडखळण्यावर काम करण्यासाठी तेवढा वेळ खरोखर उपयोगी पडतो. मे महिन्यात साध्या पीएस५ वरची चाचणी पाहून ठरवा.

इन्सॉम्नियॅकचा ‘वुल्वरिन’ याच वर्षी अपेक्षित आहे. ‘रॅचेट अँड क्लँक’ आणि ‘स्पायडर-मॅन २’ या दोन्हींत या स्टुडिओने साध्या पीएस५ वर ६० फ्रेम आणि देखणे प्रकाशाचे परिणाम एकत्र देऊन दाखवले आहेत. यादीतल्या सगळ्यांत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत भरवशाचा तोच. मात्र तो अतिशय रक्तरंजित आहे, तेव्हा बहीण शेजारी बसणार असेल तर आधी विचार करावा.

आणि जीटीए ६. गेल्या दोन वर्षांत या गेमवर जेवढे वाद झाले ते पाहिले की बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आठवते. ठाऊक असलेल्या गोष्टी अशा आहेत: लिओनिडा नावाचे काल्पनिक राज्य, त्यात व्हाइस सिटी, जेसन आणि लुसिया हे दोन नायक, आणि पीएस५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस हे मंच. मे २०२५ चा दुसरा ट्रेलर पीएस५ वर टिपलेला आहे आणि त्यात निम्मी दृश्ये प्रत्यक्ष खेळाची आहेत, असे तो बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितले. तारीख आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, आता १९ नोव्हेंबर २०२६ आहे. दोनदा सरकलेली तारीख तिसऱ्यांदाही सरकू शकते, म्हणून सारे वर्ष तिच्यासाठी कोरडे ठेवणे मला पटत नाही. एकट्याने खेळायची कथा पहिल्या दिवशी चांगल्या अवस्थेत असेल असा माझा अंदाज आहे, कारण २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ तसा होता. पण त्या जगाची दाटी पाहता साध्या पीएस५ वर तो ३० फ्रेमवर चालेल असे मी धरून चालतो. ऑनलाइन भागासाठी निदान काही आठवडे थांबावे; २०१३ मध्ये जीटीए ऑनलाइन सुरू झाले तेव्हा कित्येक दिवस लोकांना आत शिरताच येत नव्हते. आणि रॉकस्टारचे नाव आहे म्हणून सगळे ठीकच असेल असेही धरू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या तीन गेमचा नवा संच त्याच नावाखाली आला आणि त्याच्या अवस्थेबद्दल कंपनीला माफी मागावी लागली.

एका गेमबद्दल मला आतून फार वाटते, म्हणून त्याचीही चिकित्सा त्याच मापाने करतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये कन्सोलवर आला. पहाडी लघुचित्रांच्या शैलीतली भित्तिचित्रे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, दुर्गा आणि विष्णू यांचे संवाद. आपल्या पुराणांचे जग कन्सोलवर इतक्या प्रेमाने उभे राहिलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. लढाईत मात्र स्थिर कॅमेऱ्यामुळे शत्रू नजरेआड जायचे आणि कथा ऐन भरात येऊन अचानक संपते. आता त्यांनी ‘राजी: कलियुग’ हा पुढचा भाग जाहीर केला आहे. तो यशस्वी व्हावा असे मला मनापासून वाटते. तरीही माझ्या शहरातला म्हणून आधी पैसे भरा असे मी सांगणार नाही. तो आल्यावर लढाईत कॅमेरा कसा वागतो ते पाहा, आणि चांगला असेल तर पूर्ण किंमत देऊन घ्या. लहान स्टुडिओला पहिल्या महिन्यातली पूर्ण किमतीची विक्री फार मोलाची असते.

पैशांचे गणित आता सोपे होते. आपण डिस्कवाला कन्सोल घेतला हे उत्तम केले. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास असतो. तो महिन्या-दीड महिन्यात संपवून डिस्क विकली तर बरीच रक्कम परत येते, आणि त्यात थोडी भर घालून पुढची वापरलेली डिस्क मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशी देवघेव चालते. आपल्या सांगलीत दुकान नसेल तर ओळखीच्या गटांतून करावी. डिस्क घेताना ती उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा आणि सोबत आलेले कोड आधी वापरलेले आहेत असेच समजून भाव करा. एक्सपिडिशन ३३ आणि योतेई यांची मुख्य कथा प्रत्येकी तीस तासांच्या घरात आहे, म्हणजे आपल्या वेगाने एकेक गेम दीड महिना पुरतो. स्प्लिट फिक्शन बारा-चौदा तासांत संपतो. दुसरा कंट्रोलर घ्यावा लागला तर या वर्षी योतेई सोडून द्या. सोनीचे मोठे गेम पहिल्या दिवशी पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या एक्स्ट्रा योजनेत येत नाहीत, पण पुढे येतात: ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ वर्षभराने आला, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ सव्वादोन वर्षांनी. आज मात्र ती योजना घेऊ नका, पाच तासांत तिची वसुली होणार नाही. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या नव्या गेमपासूनही सध्या दूर राहा. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण दर वेळी तसे होईलच असे नाही.

मित्र निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल घ्यायला सांगतो आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. यंत्र चांगले आहे, पण निन्टेन्डो भारतात ते अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे वॉरंटीची जबाबदारी आयात करणाऱ्या दुकानदारावर येते. शिवाय त्याच्या काही गेमच्या कार्डांत गेमच नसतो, ते घालून पूर्ण गेम डाउनलोड करावा लागतो. एका कन्सोलचे पंधरा हजार पुरवताना दुसरा उघडू नये.

आपल्या टीव्हीचे मॉडेल आणि घरात जुना कंट्रोलर आहे की नाही, एवढे कळवा. त्यावरून गेम मोड नेमका कुठे सापडेल आणि बहिणीसाठी दोनपैकी कोणता गेम घ्यावा, हे निश्चित सांगता येईल.